घोड्यावर बसून रोज तासभर चालणे

२२ मार्च

काल नूरुझचा सण झाला. नवं वर्ष, नवी वही. संकल्प तीन. सिगारेट बंद. मेंढीच्या शेपटीची चरबी निम्मी. आणि उमायच्या दोर कापण्याच्या समारंभात आजोबांची शर्यत जिंकणे.

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. उमाय, माझी नात, भिंत धरून उभी राहायला लागली आहे. उन्हाळ्यात पहिलं पाऊल टाकेल. मग तिच्या पायांना काळा-पांढरा दोर बांधायचा, मैदानात शर्यती लावायच्या, आणि शेवटची शर्यत जो जिंकेल त्याने दोर कापायचा. कापणाऱ्याचा स्वभाव पोरीत उतरतो. इथेच सगळा घोळ आहे. शेवटची शर्यत आजोबांची, आणि आजोबा दोन. एक मी. दुसरे आमचे व्याही सातारकुल, शाळेतले निवृत्त पी. टी. मास्तर. अजून गळ्यात शिट्टी घालून हिंडतात. रोज सकाळी सहाला नदीपर्यंत पळत जाऊन येतात, आणि आल्यावर भेटेल त्याला ते सांगतात. माझी नात तशी निघाली तर मला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

संकल्प लिहून झाल्यावर एक सिगारेट ओढली. शेवटची.

२५ मार्च

डाव्या पोटरीत परत गोळा आला. पानगळीपासून चाललंय हे. चाललं की येतो, थांबलं की जातो. म्हणजे पाय ठणठणीत आहे, दोष चालण्यात आहे. आज तोरूवर बसून पलीकडच्या गावी जाऊन आलो. घोडा थकला, पण माझ्या पोटरीने चकार शब्द काढला नाही.

सरकारी फार्मवर तीस वर्षं जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काढली आहेत. पायातलं मला कळतं. हा वात आहे.

३० मार्च

दुकानापर्यंत पायी गेलो. आमच्यापासून दुकान सहा घरं, म्हणजे सहा फाटकं. दोन फाटकं झाली आणि गोळा आला. रस्त्यात नुसतंच उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून सापारच्या फाटकाशी थांबून त्याची चौकशी केली. तब्येत, बायको, मुलं, गाई, मेंढ्या. मेंढ्यांपाशी येईपर्यंत पोटरी मोकळी झाली. पुढच्या थांब्यावर कैरीन म्हातारी. तिची चौकशी केली, तर तिने हात धरून आत नेलं आणि चहा पाजला. दुकानात पोचलो तेव्हा दुकान बंद.

४ एप्रिल

चौकशा चालू. चहा फार होतो.

९ एप्रिल

बायको, अनारकुल, विहिणीकडून ऐकून आली. गावात बोलतात म्हणे, एसेनकुल घरोघर जाऊन लोकांची विचारपूस करतोय, यंदा गावच्या निवडणुकीला उभा राहणार. मी हसण्यावारी नेलं. मग विचार केला, का नाही? उभं राहणं मला उत्तम जमतं. चालण्याचाच काय तो प्रश्न.

१४ एप्रिल

चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला फसवणं अवघड. दोन दिवस फाटकातून माझ्याकडे बघत होती. आज जेवताना म्हणाली, "तुम्हाला सापारच्या मेंढ्यांची एवढी काळजी कधीपासून वाटायला लागली?"

मी म्हटलं, शेजारधर्म. तिने मुलाला, ताआलायला, फोन लावला. त्याने दवाखान्यातल्या नर्सला पाठवलं. नर्सने माझं पाऊल हातात घेतलं, बराच वेळ दाबून पाहिलं आणि म्हणाली की पाऊल गार आहे आणि नाडी लागत नाही. मी तिला समजावलं की घोड्याची नाडी जबड्याखाली बघतात, पायात नाही. तिने ऐकून घेतलं नाही. मला बिश्केकला पायाच्या रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे नेणार आहेत.

ठीक आहे. राजधानी बघून बरेच दिवस झाले.

२१ एप्रिल, बिश्केक

डॉक्टरला रिकाम्या हाताने कसं भेटणार? अर्धी मेंढी साफ करून, फडक्यात गुंडाळून घेऊन गेलो. सर्जन म्हणजे कोणी जाडजूड, पांढऱ्या मिशांचा माणूस असेल असं वाटलं होतं. निघाली डॉक्टर बेगिमाय. आमच्या सुनेएवढी. मेंढी बघून म्हणाली की असलं काही आम्ही घेत नाही आजोबा. मला आजोबा म्हणाली. मेंढी ताआलायच्या मित्राकडे गेली.

तिने विचारलं, न थांबता किती चालता? मी म्हटलं, घरून डोंगरावरच्या कुरणापर्यंत, चार तास. ताआलाय मध्ये बोलला, की घोड्यावरून. मी म्हटलं, मग काय झालं, जातो तर मीच ना.

ती म्हणाली, चला, जरा पाय मोकळे करू. व्हरांड्यात माझ्याबरोबर गप्पा मारत चालायला लागली. हुशार बाई. थोडं गेल्यावर गोळा आला. नशिबाने भिंतीवर एक मोठं पत्रक होतं. मी थांबून नीट वाचलं. पुन्हा निघालो, पुन्हा गोळा, पुन्हा एक पत्रक. परत येताना तेच पहिलं पत्रक मी दुसऱ्यांदा वाचत होतो, तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, हे बाळंतिणींनी दूध कसं पाजावं त्याचं आहे."

मी म्हटलं, घरात नात आहे, माहिती असलेली बरी.

२२ एप्रिल, बिश्केक

काल हाताला आणि पायाला पट्टे बांधून दाब मोजला, मग कसल्याशा यंत्राने फोटो काढले. डाव्या मांडीतली मुख्य रक्तवाहिनी बंद आहे म्हणे, आजूबाजूच्या बारक्या शिरांवर पायाचा कसाबसा गुजारा चालला आहे. मी म्हटलं, मग कापा आणि मोकळी करा, उन्हाळ्यात मला पळायचं आहे. ती म्हणाली, लगेच कापणार नाही. आधी सिगारेट कायमची बंद, या गोळ्या, आणि रोज तासभर चालायचं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं. बऱ्याच जणांचं तेवढ्याने भागतं. तीन महिन्यांनी बघू, नाहीच सुधारलं तर ऑपरेशन.

थोडक्यात, मला काही झालेलं नाही.

निघताना तिने एक गोष्ट दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा ताआलायकडे बघून. पायाला जखम झाली आणि भरेना, किंवा झोपेत पाऊल दुखायला लागलं, तर तीन महिने नाही, त्याच दिवशी यायचं. नाहीतर पाय जातो. हे लिहून ठेवतोय कारण ताआलाय लिही म्हणाला.

२४ एप्रिल

व्यायाम सुरू. तोरूवर बसून रोज तासभर चालणे. आज तासाच्या वर झालं. अजिबात दुखलं नाही. सुधारणा झपाट्याने होते आहे.

सिगारेट बंद. त्याऐवजी नास. ओठाखाली चिमूटभर ठेवली की धूर नाही, काही नाही. तंबाखूच आहे, पण डॉक्टर सिगारेट म्हणाली होती.

३ मे

अनारकुल म्हणाली, चालायचं घोड्याने आणि व्यायाम तुमचा, हे कुठलं? मी म्हटलं, डॉक्टर चाला म्हणाली, कशावरून ते म्हणाली नाही. तोरूचे पाय मात्र फार छान झालेत.

११ मे

निवडणुकीचे अर्ज भरायची मुदत काल संपली. मी भरला नव्हता. सापार म्हणाला, आम्ही वाट बघत होतो. वाईट वाटलं. चौकशा तरी मनापासून केल्या होत्या, निदान मेंढ्यांच्या.

१९ मे

पायी गेलं की आता दीड फाटकावरच गोळा येतो. रात्रभर विचार केला आणि उत्तर सापडलं. घोडा लंगडायला लागला तर आपण आधी काय बघतो? नाल. तीस वर्षं हेच केलं आणि स्वतःच्या बाबतीत विसरलो. माझे बूट जुने झालेत, टाच एका बाजूने झिजली आहे. सगळं दुखणं तिथून येतंय. डॉक्टरबाईंनी माझे बूट पाहिलेच नाहीत. शहरातल्या डॉक्टरांचं असंच.

उद्या नारिनच्या बाजारात जाणार.

२० मे

बूट घेतले. काळे, कातडी, घट्ट. दुकानदार म्हणाला एक माप मोठं घ्या. मी म्हटलं नाल खुराला चिकटून बसली पाहिजे. शर्यतीतही हेच घालणार.

२७ मे

उमाय चालली. चुलीपासून माझ्यापर्यंत पाच-सहा पावलं टाकून माझ्या गुडघ्यावर येऊन आदळली. आत्तापर्यंत ही कोणासारखी दिसते यावर मी व्याह्यांशी वाद घालत आलो, पण ती आज कोणासारखीच नव्हती, तोंड उघडं, दोन्ही हात वर. मला एकदम रडू आलं. अनारकुलला सांगितलं की चुलीचा धूर डोळ्यात गेला.

समारंभ पंधरा जूनला, शाळेच्या मैदानावर. व्याही दिवसातून दोनदा पळायला लागलेत.

२ जून

डाव्या करंगळीला बुटाने फोड आला होता, तो फुटला. घोड्याच्या जखमेला लावतो ते हिरवं औषध लावलं. दोन दिवसांत भरेल.

६ जून

भरली नाही. हवा दमट आहे.

कुरणावर मुक्काम हलवला. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं ताजं कुमिस सुरू झालंय. रोज मोठे वाडगे. कुमिसने रक्त पातळ होतं हे सगळ्यांना माहीत आहे. व्यायाम चालू, तोरू उत्तम.

१० जून

करंगळीचा रंग बदललाय. हिरव्या औषधामुळे नीट कळत नाही. हल्ली झोपताना पाऊल खाटेखाली लोंबतं ठेवलं की बरं वाटतं. वर घेतलं की ठणकतं. उकाडा.

अनारकुल म्हणाली, दाखवा पाऊल. मी म्हटलं, समारंभानंतर. तिने एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मग गप्प बसली. ती ओरडते तेव्हा काही वाटत नाही. गप्प बसली की मला चैन पडत नाही.

डॉक्टरबाई काय म्हणाली होती ते मागे कुठेतरी लिहिलं आहे. शोधलं नाही.

१४ जून

फायनल हिशोब. गोळा येतो दीड फाटकानंतर. फुटबॉलचं मैदान एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत फार तर एक फाटक भरेल. म्हणजे पोटरीला पत्ता लागायच्या आत मी दोर कापून मोकळा. व्याही दमाचे पक्के आहेत, पण सुरुवातीला हळू असतात. प्लॅनमध्ये खोट नाही.

शेवटची सिगारेट. नासने काही मन भरत नाही.

१७ जून, बिश्केक

खाटेवरून लिहितोय. आडवं पडून लिहिलेलं, अक्षर लागलं तर बघा. बघणार कोण म्हणा.

पंधराला सगळं गाव मैदानात होतं. पोरांच्या शर्यती झाल्या, सुनांची झाली. मग आम्ही दोघं. समोरच्या गोलात उमाय पायाला दोर बांधून उभी, मागून आईने धरलेली. व्याह्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मी बूट घट्ट केले.

चालण्याचा हिशोब पळण्याला लागू होत नाही, हे मला अर्ध्या मैदानात कळलं. आधी करंगळीत कळ गेली, मग पोटरीचा दगड झाला. व्याही दोन हात पुढे. तिथे सापार नव्हता, भिंत नव्हती, पत्रक नव्हतं. सगळं गाव बघत होतं. मी थांबलो, आणि मला दुसरं काहीच सुचलं नाही. मी दोन्ही हात पसरून आशीर्वाद द्यायला सुरुवात केली.

मी व्याह्यांपेक्षा दोन वर्षांनी मोठा. मोठ्याने आशीर्वादाला हात पसरले की धाकट्याने तिथल्या तिथे थांबून हात पसरायचे. व्याही पळता पळता थांबले. हात पसरले. सगळ्या मैदानाने पसरले. मी उमायला मोठं आयुष्य दिलं, आई-बापांना सुख दिलं, गावाला पाऊस दिला. शेवटी ओमिन म्हटलं. सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले आणि मी पळालो. व्याही अजून डोळे उघडत होते, मी पुढे गेलो. आणि दहा पावलांत पोटरी परत आवळली.

दुसरा आशीर्वाद दिला. शाळेला, मास्तरांना, मेंढ्यांना. हा लांबला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. पोटरी सुटेना. मी घोड्यांवर आलो, कुरणावर आलो, डोंगरांची नावं घेतली. माझ्याकडे देण्यासारखं काही उरलं नाही तरी मी हात खाली घेतले नाहीत, कारण घेतले असते तर चालावं लागलं असतं.

व्याही माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. हात पसरलेलेच. हळू आवाजात म्हणाले, "व्याही, आशीर्वाद पुरे झाले. बूट काढा."

मी नाही म्हटलं. ते तिथेच गवतात खाली बसले, नवं जाकीट घालून, आणि माझा बूट ओढून काढला. मोजा निघाला नाही, चिकटला होता. वास सगळ्यांना आला. करंगळी काळी पडली होती, आणि ते हिरवं औषध नव्हतं.

तेवढ्यात मैदानाच्या कडेला उभी असलेली अनारकुल तळलेल्या बोर्सोकचं ताट खाली ठेवून, आम्हा दोघांच्या बाजूने सरळ चालत गेली, कात्री उचलली आणि उमायचा दोर कापला. पोरगी मघापासून बांधून उभी होती, कोणालाच आठवलं नव्हतं. मग अनारकुल मागे वळून म्हणाली, "आता गाडी काढा."

शर्यत ती जिंकली, पळण्याचा प्रश्नच नव्हता. पोरीत तिचा स्वभाव उतरणार म्हणून गाव खूश आहे. मला उशिरा कळलं, पण मीही.

व्याह्यांच्या गाडीतून घाट ओलांडला. कुरणाकडे चाललेले मेंढ्यांचे कळप रस्त्याला जागोजाग आडवे येत होते. व्याही खिडकीतून डोकं काढून शिट्टी मारत आणि मेंढ्या बाजूला होत. गेली वीस वर्षं त्या शिट्टीला मी नावं ठेवली. मागच्या सीटवर अनारकुलने माझं पाऊल मांडीवर घेतलं होतं. मला भीती वाटली. पाय जाईल याची वाटली, आणि उमाय आता पळायला लागेल आणि मी खाटेवरून तिला हाका मारीन, याची जास्त वाटली.

डॉक्टर बेगिमायने विचारलं, जखम कधीची? मी म्हटलं परवाची. अनारकुल म्हणाली, दोन आठवड्यांची. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "आजोबा, मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं."

उद्या सकाळी ऑपरेशन. उजव्या पायातली एक शीर काढून डाव्या मांडीत बसवणार, बंद जागेला वळसा घालून. करंगळी वाचणार नाही. पाय वाचवायचा प्रयत्न करू म्हणाली. करू, म्हणाली. वाचेल, असं म्हणाली नाही.

२० जून

पाऊल उबदार आहे. करंगळी नाही, पण पाऊल उबदार आहे. काल नर्सने नाडी शोधली आणि माझं बोट तिथे नेऊन ठेवलं. टकटक लागत होती. घोड्याला जबड्याखाली लागते तशीच.

२३ जून

डॉक्टर म्हणाली, आणखी आठवडाभर आशीर्वाद देत बसला असतात तर गुडघ्याखाली काही ठेवता आलं नसतं. तिला कोणी सांगितलं? ताआलाय. सगळ्या वॉर्डला माहीत झालंय. औषध द्यायला आलेली नर्ससुद्धा मी हात वर केला की ओमिन म्हणते.

नवी शीरही सिगारेटने बंद होऊ शकते, हे आज तिने समोर बसून सांगितलं. नासने सुद्धा. मी विचारलंच नव्हतं.

२६ जून

आज चालायची परवानगी मिळाली. व्याही अजून बिश्केकलाच आहेत, आपल्या भाचीकडे उतरलेत, रोज येतात. मी म्हटलं होतं गावी जा. म्हणाले, माझ्या पोरीचे सासरे आहात, असं कसं जाऊ.

मी खाटेवरून पाय खाली सोडले तर अनारकुलने पिशवीतून तो काळा-पांढरा दोर काढला, उमायचा. जोडून गाठ मारलेली. म्हणाली, लहानपणी तुमचा दोर कोणी नीट कापलाच नसणार, म्हणून ही दशा. आणि माझ्या दोन्ही घोट्यांना सैल बांधला. वॉर्डातल्यांना जोर चढला. सगळे पायाचेच रोगी. खिडकीपासून माझ्या खाटेपर्यंत शर्यत लागली. तलासचा एक ड्रायव्हर कुबड्यांवर, ओशचे एक द्राक्षांचे व्यापारी भिंत धरून, आणि आमचे व्याही. दुसरा कोणी असता तर त्या दोघांना जिंकू दिलं असतं. व्याही शिट्टी फुंकून निघाले आणि ते दोघं पहिली खाट ओलांडायच्या आत माझ्यापाशी पोचले. दम लागला नव्हता. ते त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

आणि वाकून माझा दोर कापला.

ज्याच्यापासून नातीला वाचवायला मी तीन महिने झगडलो, तो स्वभाव आता माझ्यात उतरणार. डॉक्टरला विचारलं, यावर काही इलाज आहे का? ती म्हणाली, हाच इलाज आहे. रोज सकाळी पळू नका, पण त्यांच्याबरोबर चाला. घोडा घरी ठेवा.

मग व्हरांड्यात निघालो. एका बाजूला अनारकुल, दुसऱ्या बाजूला व्याही. बाळंतिणींचं पत्रक आलं, मागे गेलं. दुसरं पत्रक आलं, तेही मागे गेलं. पोटरी काही बोलली नाही. टोकाच्या खिडकीपर्यंत गेलो आणि न थांबता परत आलो.

खाटेवर बसल्यावर ते मी ड्रायव्हरला सांगितलं. मग व्यापाऱ्यांना सांगितलं. चहा घेऊन आलेल्या बाईला सांगितलं. ताआलायला फोन लावून सांगितलं, आणि फोन उमायच्या कानाला लावायला सांगून तिलाही सांगितलं. दुसऱ्यांदा ड्रायव्हरकडे वळलो तेव्हा अनारकुल चहा ओतता ओतता व्याह्यांना म्हणाली, "उतरला बघा तुमचा स्वभाव."